आयपॉप्ट बसवताना घोडं कुठे अडतं?

नॉन-लिनिअर ऑप्टिमायझेशनसाठी आयपॉप्ट हा मोफत आणि दमदार सॉल्व्हर आहे. कोड सी++ मध्ये, परवाना एक्लिप्स पब्लिक लायसन्स. वेख्टर आणि बीगलर यांचा त्यावरचा गाजलेला शोधनिबंध २००६ चा.

पायथनमधून वापरायला सायआयपॉप्ट आहे. पण लिनक्सवर नुसतं 'पिप इन्स्टॉल' मारलंत, तर कंपायलर बहुतेक वेळा बोंब मारतो: हेडर फाइल सापडत नाही!

कारण साधं आहे. पिप फक्त जोडणारा कोड आणतं. आयपॉप्ट मशीनवर आधीच आहे, असं ते धरून चालतं. शिवाय आयपॉप्ट एकटं येत नाही, लग्नाच्या वऱ्हाडासारखं येतं. दर पायरीला विरळ मॅट्रिक्सची समीकरणं सोडवायला मम्प्स किंवा एचएसएलचा एमए२७ हवा, त्यांच्याखाली ब्लास आणि लापॅक. एचएसएलचा परवाना वेगळा, म्हणून तयार पॅकेजांत सहसा मम्प्सच असतो.

👉 वापरणाऱ्यांसाठी: कोंडा-फोर्जवरून सायआयपॉप्ट घ्या. सगळा गोतावळा एका कमांडमध्ये येतो.

👉 लिनक्ससाठी व्हील बनवणाऱ्यांसाठी: ऑडिटव्हील वापरा. बाहेरच्या लायब्ररी ते व्हीलच्या आत कॉपी करतं, त्यामुळे समोरच्याला कंपायलर लागत नाही. त्या लायब्ररींचे परवाने मात्र सोबत जोडा.

👉 तपासणी: एचएस०७१ हे उदाहरण चालवा. (१, ५, ५, १) पासून सुरुवात केली की उत्तर साधारण १७.०१४ यायला हवं.

तुमचं पॅकेज लोकांपुढे ठेवण्याआधी कोऱ्या मशीनवर एकदा नक्की बसवून बघा!