चाकणची थंडी आणि डब्यावरचा ‘डब्ल्यू’

डिसेंबर लागला की मोशीपासून चाकणपर्यंतच्या गॅरेजांत हमखास कुणीतरी विचारतं, “थंडीसाठी ऑइल कोणतं टाकू?” टाटा, बजाज, महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज यांचे कारखाने असलेल्या या पट्ट्यातही उत्तर बहुधा ऐकीवच मिळतं.

डब्यावर ‘५डब्ल्यू-३०’ असं छापलेलं असतं. डब्ल्यू हिवाळ्याचा, पण ५ म्हणजे पाच अंश सेल्सिअस नव्हे, तो नुसता वर्गाचा क्रमांक. एसएई या अभियंत्यांच्या संस्थेच्या ‘जे३००’ मानकात प्रत्येक वर्गाची थंडीतली परीक्षा ठरलेली आहे. स्टार्टर इंजिन फिरवू लागला की गार ऑइल त्याला किती अडवतं, हे २०डब्ल्यूसाठी उणे १५ अंशांना पाहतात, १५डब्ल्यूसाठी उणे २०, १०डब्ल्यूसाठी उणे २५, ५डब्ल्यूसाठी उणे ३० आणि ०डब्ल्यूसाठी उणे ३५ अंशांना. पुढचा ३० किंवा ४० हा आकडा १०० अंशांना तापलेल्या ऑइलचा दाटपणा सांगतो.

आता आपली थंडी किती? पुण्यात १७ जानेवारी १९३५ला पारा १.७ अंशांवर उतरला होता. त्या पहाटेही २०डब्ल्यू ऑइलची परीक्षा झाली नसती. म्हणजे ‘थंडीत गाडी सुरू होणार नाही’ अशी भीती घालून कुणी महागडा डबा पुढे केला, तर खुशाल नको म्हणा. सकाळी सेल्फ मारल्यावर नुसती घरघर होत असेल, तर आधी बॅटरी तपासा.

याचा अर्थ वाटेल ते ऑइल चालतं असा मात्र नाही. दहा अंशांना पातळ ऑइल वरच्या कॅमशाफ्टपर्यंत लवकर पोचतं. मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२० लिहिलेल्या गाडीत ‘जाड ऑइल म्हणजे मजबूत’ म्हणून २०डब्ल्यू-५० ओतणं हा शुद्ध अडाणीपणा आहे. पंपावरचा भार वाढतो, मायलेज घटतं.

इथला खरा त्रास छोट्या फेऱ्यांचा. आकुर्डीहून चिंचवडला जाऊन लगेच परत, असं रोज चाललं की ऑइल पुरेसं तापतच नाही. जळणातून तयार झालेलं पाणी आणि न जळलेलं पेट्रोल त्यात मिसळत राहतं, वाफ होऊन निघून जायला वावच मिळत नाही. अशा गाडीचं ऑइल, किलोमीटर पुरे झाले नसले तरी, मुदत संपताच बदलावं. सकाळी जागेवर उभं राहून रेस देण्याचाही उपयोग नाही. अर्ध्या मिनिटात निघावं आणि पहिले काही किलोमीटर हळू चालवावं.

डब्ल्यूचा आकडा खरा कामाला येतो तो हिवाळ्यात लेहला जाणाऱ्यांच्या. तिथे उणे वीसच्या आसपासची रात्र नवलाची नाही. डिझेल गाडी असेल तर ऑइलआधी टाकीची काळजी करा: साध्या डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर तुंबतो. म्हणूनच इंडियन ऑइलने २०१९मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारं हिवाळी डिझेल आणलं.

ग्रेड जुळली की काम झालं, असंही नाही. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असलेल्या बीएस-६ डिझेल गाडीला कमी राख सोडणारं ऑइल लागतं, नाहीतर तो फिल्टर हळूहळू भरत जातो. ज्या मोटरसायकलचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो, तिला ‘जासो एमए’ या जपानी मानकाच्या शिक्क्याचं ऑइल हवं; कारचं ऑइल घातलं तर क्लच घसरू शकतो.

तेव्हा या हिवाळ्यात सर्व्हिसिंगला जाताना मॅन्युअल सोबत न्या, त्यातली ग्रेड आणि मानक डब्याशी जुळवा आणि सील तुमच्यासमोरच फोडायला सांगा.