डोकी २०, पाय ८०; मग घोडे किती?

रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यात घोडे आणि गाई दोन्ही सहज पाहायला मिळतात. माथेरानला दस्तुरी नाक्यापुढे खासगी मोटारींना बंदी आहे, त्यामुळे तेथे माणसे आणि सामान वाहून नेण्यासाठी घोडे पाळले जातात. डोंगराखालच्या भातशेतीच्या गावांत आणि शेजारच्या खालापूर तालुक्यात गोठ्यात गाई-बैल दिसतात. या दोन प्राण्यांवर वर्गात एक गणित घालून पाहू.

'एका कुरणात घोडे व गाई मिळून २० डोकी आणि ८० पाय आहेत. तर घोडे किती?'

कोंबड्या-शेळ्यांची अशी गणिते मुलांनी सोडवलेली असतात. हे मात्र सुटत नाही. दोन्ही प्राण्यांना चारच पाय असतात. म्हणजे पायांची संख्या डोक्यांच्या संख्येपेक्षा नवे काहीच सांगत नाही. घोडे ३ असोत की १७, पाय ८०च! गणित सुटायला दोन प्राण्यांत मोजता येईल असा फरक हवा. तो शोधण्यासाठी वहीतून डोके वर काढून प्राण्यांकडे पाहावे लागते.

फरक पायातच आहे. घोडा प्रत्येक पायाच्या एकाच, मधल्या बोटावर उभा असतो. त्या बोटाचे टोक म्हणजे त्याची टाप. गाय दोन बोटांवर उभी असते, म्हणून तिचा खूर दुभंगलेला दिसतो. (मागे वरच्या बाजूला दोन लहान खुऱ्या असतात, त्या एरवी जमिनीला टेकत नाहीत, म्हणून मोजायच्या नाहीत.) नाल मारताना घोड्याच्या पायाला एक अखंड नाल बसतो, तर बैलाच्या पायाला दोन वेगळ्या पत्र्या लागतात. याच फरकावरून घोडा व गेंडा विषमखुरी गणात, तर गाय, म्हैस व शेळी समखुरी गणात मोडतात.

आता जमिनीला टेकणारी बोटे मोजू. घोड्याची ४, गाईची ८. कुरणात २० डोकी व अशी १२८ बोटे आहेत. सगळे घोडेच मानले तर बोटे ८० होतील. ४८ जास्त आहेत. प्रत्येक गाईमागे ४ वाढतात, म्हणून गाई १२ आणि घोडे ८. घोडे व गाई यांचे गुणोत्तर २:३.

येथे दुसरा प्रश्न विचारावा. 'आणखी ४ घोडे आले तर गुणोत्तर किती?' काही मुले २ मध्ये ४ मिळवून ६:३, म्हणजे २:१, असे उत्तर देतील. खरे तर घोडे १२ आणि गाईही १२, म्हणजे गुणोत्तर १:१. २:३ म्हणजे दोन घोडे व तीन गाई नव्हे. दर दोन घोड्यांमागे तीन गाई. गट येथे चार आहेत. मिळवणी करायची ती प्रत्यक्ष संख्येत, गुणोत्तराच्या पदांत नाही.

शेवटी एक गणित मुलांवर सोपवावे. पूर्ण वाढलेल्या घोड्याला पुढचे दात वर ६ व खाली ६ असतात. गाईला ते फक्त खाली, ८ असतात. वरच्या बाजूला नुसती टणक हिरडी असते. आपल्या कुरणातल्या, नवे घोडे येण्यापूर्वीच्या, २० जनावरांचे पुढचे दात एकूण किती? त्यांत घोड्यांचे व गाईंचे दात कोणत्या गुणोत्तरात आहेत? उत्तर मिळाल्यावर मुलांना कारणही विचारावे: जनावरे २:३ असताना दातांचे गुणोत्तर तेच का येत नाही?