मावळतीच्या ओसरीला ताटी बांधा

मागच्या वैशाखातली गोष्ट. उजनीच्या पाणलोटाकाठच्या एका पुनर्वसित गावात, आपल्या वस्तीत रक्तदाब तपासत फिरत होते. दुपारचे साडेतीन वाजले होते. एक आजी ओसरीच्या कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या. लुगड्याचा पदर ओला करून डोक्यावर घेतलेला. "जयभीम" म्हणाल्या, पण आवाज खोल गेलेला. हात धरला तर कातडी तापलेली आणि कोरडी. सकाळपासून लघवीला किती वेळा गेलात, विचारलं. म्हणाल्या, "एकदाच. पाणी पिऊ वाटंना, नर्सबाई. घरात जावं तर भाजतंय, भायेर बसावं तर ऊन पाय सोडंना."

ऊन खरंच पाय सोडत नव्हतं. ओसरीला वर पत्रा होता, पण घराचं तोंड मावळतीला. पत्र्याखालून तिरपं ऊन येऊन आजींच्या मांडीवर, मागच्या विटांच्या भिंतीवर आणि उघड्या दारातून थेट माजघरापर्यंत पसरलं होतं. आजींना उठवून शेजारच्या घराच्या सावलीत बाजेवर निजवलं, अंग ओल्या फडक्याने पुसलं, जलसंजीवनी घोट घोट दिली. तासाभराने त्या बोलू लागल्या. त्या शुद्धीवर होत्या म्हणून हे जमलं.

आपल्याकडे "धरण उशाला आणि कोरड घशाला" म्हणतात. १९८० साली धरण पुरं झालं. भीमेकाठची जुनी गावं, त्यांतले लिंब, पिंपळ, चिंचा पाण्याखाली गेल्या आणि माणसं वर माळावर आली. माळावरच्या मुरमात आपल्या वस्तीच्या वाट्याला आलेले प्लॉट अजून बऱ्याच ठिकाणी बोडकेच आहेत. घरकुलाचं २६९ चौरस फुटांचं घर जशी जागा मिळाली तशा तोंडाने उभं राहतं. ऊन कुठून येईल हे कुणी विचारत नाही. मग विचारायचं आपणच.

उन्हाचा हिशेब सोपा आहे. आपल्या भागात मे महिन्याच्या मध्यावर, दुपारी साधारण साडेबाराला सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. त्या वेळी वरचा पत्रा किंवा मांडव कामाचा. पण घर खरं तापतं ते दोननंतर. चारच्या सुमाराला ऊन इतकं तिरपं होतं की, भिंतीपासून चार फूट पुढे आलेला पत्रा भिंतीच्या वरच्या तीन-साडेतीन फुटांनाच सावली देतो. खालची सगळी भिंत, दार आणि ओटा उन्हात. पाच वाजता तर त्याहून वाईट. म्हणून मावळतीच्या ओसरीला आणखी पत्रा वाढवून पैसे घालवू नका. तिथे उभा पडदा लागतो. आणि मे महिन्यात सूर्य मावळतो तो पश्चिमेच्या थोडा उत्तरेला, त्यामुळे पडदा उजवीकडच्या, म्हणजे उत्तरेच्या कोपऱ्यावरूनही वळवून घ्या.

भिंत तापली तर काय बिघडतं, असं एका भावाने मला विचारलं होतं. वीट आणि काँक्रीट दुपारभर ऊन पितात आणि मध्यरात्रीपर्यंत ते घरात सोडत राहतात. दिवसभर ऊस खुरपून, मासे धरून आलेल्या शरीराला रात्री थंड व्हायला मिळालं नाही, तर दुसऱ्या दिवशी ते शिणलेलंच कामाला जातं. दोन-तीन रात्री अशा गेल्या की मळमळ, गोळे येणं, डोकं दुखणं सुरू होतं. म्हाताऱ्यांना तहान कमी लागते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर पाणी आणखी घटतं. (गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.) तान्ह्या बाळाला सांगता येत नाही आणि बाळंतिणीला आपण घरातून हलू देत नाही. ऊन भिंतीवर पडण्याआधीच अडवलं पाहिजे. खिडकीला आतून पडदा लावला तर ऊन आत येऊन गेलेलंच असतं.

आता सामान. आपल्याकडे सगळ्यात स्वस्त म्हणजे उसाचं पाचट. गाळप संपत येतं तेव्हा फडात ते जाळून टाकतात. मालकाला विचारून दोन भारे आणा. बांबूच्या किंवा तुराटीच्या दोन पट्ट्यांत वीतभर जाडीने दाबून सुतळीने बांधलं की ताटी तयार. कंदरकडे केळीची वाळलेली पानं मिळतात, तीही चालतात. सांगोल्याकडे डाळिंबाच्या बागा उन्हापासून वाचवायला जुन्या साड्या पांघरतात, हे आपल्यातल्या कित्येक बाया मजुरीला जाऊन बघून आल्या आहेत. फळाला चालतं ते आपल्या लेकराला का नाही? फिक्या रंगाची सुती साडी दुहेरी करून दोरीवर लावा. हिरवी नेट घेणार असाल तर दुकानदाराला पंचाहत्तर टक्के सावलीची मागा. काळी ताडपत्री मात्र भिंतीला चिकटवून बांधू नका, भट्टी होते.

पडदा भिंतीपासून दोन-तीन हात पुढे, ओसरीच्या बाहेरच्या कडेला हवा. वर आणि खाली वीतभर फट ठेवा म्हणजे तापलेली हवा निघून जाते. वरचा पत्रा आग ओकत असेल तर त्याच्यावर पाचटाचा थर टाका किंवा पांढरा रंग द्या.

गोणपाट भिजवून टांगलं तर चैत्र-वैशाखाच्या कोरड्या हवेत गारवा चांगला येतो. पण त्याला पाणी लागतं, आणि ते कोण आणणार हे घरातल्या बाईलाच ठाऊक. धुण्या-आंघोळीचं सांडपाणी वापरा. खाली बादली ठेवत असाल तर आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासा, नाहीतर डेंगीचे डास होतात.

पुढच्या वर्षासाठी माघातच दोडका, घोसाळी किंवा कारल्याच्या चार बिया ओसरीच्या कडेला लावा आणि सुतळी वर पत्र्यापर्यंत ताणून द्या. उन्हाळ्यापर्यंत वेल चढतो, सावली देतो आणि भाजीही. लिंब लावायचा तर मावळतीलाच. त्याला वर्षं लागतील, पण लावलाच नाही तर कधीच येणार नाही.

१४ एप्रिलला जयंतीचा मांडव आपण दोन दिवसांत उभा करतो. बांबू, कापड, दोऱ्या, बांधणारे हात सगळं वस्तीतच असतं. मांडव सोडताना तेच कापड म्हाताऱ्यांच्या आणि बाळंतिणींच्या ओसऱ्यांना बांधलं, तर मंडळाच्या पोरांना अर्धा दिवस लागेल. ज्यांच्या घराला ओसरीच नाही, त्यांच्यासाठी दुपारी बारा ते पाच विहार उघडं ठेवा, माठ भरून ठेवा.

सावली केली तरी कुणी उन्हाने बरळू लागलं, झटके आले, अंग चटका बसेल इतकं तापलं, तर तो उष्माघात आहे. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत थांबू नका: कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका, ते छातीत जातं.

आजींच्या ओसरीला त्यांच्या नातवाने दुसऱ्या दिवशी पाचटाची ताटी बांधली. पहिल्यांदा चुलीच्या अगदी जवळ बांधली होती, ती मी सोडायला लावली. पाचट ठिणगीने पेटतं, चूल आणि विजेची वायर यांपासून ते लांबच हवं. ताटीची खालची कड जमिनीला टेकू देऊ नका, विंचू बसतात. वळवाचं वावटळ दिसलं की गुंडाळता येईल अशी सुटी गाठ मारा, आणि मृगाआधी ताटी उतरवून पाचट खड्ड्यात टाका. कुजलं की तेच वेलाला खत.