मुरबाडचा सोमवार, माद्रिदचा लुनेस

मुलांनो, स्पॅनिश शिकायचंय? स्पेन देश शहापूर-मुरबाडपासून हजारो किलोमीटर लांब आहे खरा, पण तिथला आठवडा तुम्हाला जवळजवळ येतोच! पटत नाही? मग हे मोठ्यानं वाचा : लुनेस, मार्तेस, मिएर्कोलेस, हुएबेस, बिएर्नेस.

हे झाले सोमवार ते शुक्रवार. आता गंमत बघा. चंद्राचं आपलं एक नाव सोम, म्हणून सोमवार. स्पॅनिशमध्ये चंद्र म्हणजे लुना, म्हणून लुनेस. मंगळाला ते म्हणतात मार्ते, म्हणून मंगळवार म्हणजे मार्तेस. बुध म्हणजे मेर्कुरिओ, त्यावरून मिएर्कोलेस. शुक्र म्हणजे बेनुस, त्यावरून बिएर्नेस. गुरुवारचा हुएबेस आला गुरू ग्रहाच्या जुन्या लॅटिन नावावरून. फक्त शनिवार-रविवार वेगळे. साबादो हे नाव ज्यू लोकांच्या विश्रांतीच्या दिवसावरून पडलं आणि दोमिंगो म्हणजे प्रभूचा दिवस.

इतक्या लांबच्या दोन भाषांत ग्रह तेच आणि त्यांचा क्रमही तोच! हे कसं काय?

त्यासाठी आधी वर बघू या. पावसाळा सरला की शहापूर-मुरबाडच्या गावांमधून रात्रीचं आकाश कसं काळंभोर दिसतं! मुंबईच्या झगमगाटात ते सुख नाही. चांदण्या रोज एकमेकींपासून तेवढ्याच अंतरावर दिसतात. पण नुसत्या डोळ्यांनी दिसणारे सात जण त्यांच्यामधून सरकत जातात : सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र आणि शनी. सूर्य हा तारा आणि चंद्र हा उपग्रह, हे आज आपल्याला माहीत आहे. जुन्या काळी मात्र हे सातही पृथ्वीभोवती फिरतात असं लोकांना वाटे.

या सातांची शर्यत लावली, तर सर्वांत संथ शनी. त्याला आकाशाची एक फेरी पुरी करायला सुमारे साडेएकोणतीस वर्षं लागतात. गुरूला सुमारे 12, मंगळाला जवळपास 2, सूर्याला 1 वर्ष. मग शुक्र, बुध आणि सर्वांत चपळ चंद्र. त्याची फेरी सुमारे 27 दिवसांत पुरी होते.

आता वही काढा. एक गोल काढून त्यावर याच क्रमानं नावं लिहा : शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. जुन्या ज्योतिषांनी दिवसाचे 24 तास केले आणि प्रत्येक तास ओळीनं एकेका ग्रहाला वाटून दिला. दिवसाचा पहिला तास ज्याचा, त्याचंच नाव त्या दिवसाला.

समजा, पहिला तास शनीचा, म्हणजे शनिवार. मग 8वा, 15वा आणि 22वा तासही शनीचाच. 23वा गुरूचा, 24वा मंगळाचा. 25वा तास म्हणजे दुसऱ्या दिवसाचा पहिला. तो कुणाचा? रवीचा! म्हणून शनिवारनंतर रविवार. पुढं असंच मोजा, सोमवार येईल, मग मंगळवार. कुठंही चूक होत नाही.

या तासाला पंचांगात म्हणतात होरा. हा मूळचा ग्रीक शब्द. स्पॅनिशमध्येही तो पोहोचला, पण तिथं 'ह' लिहितात आणि बोलत नाहीत, म्हणून उच्चार ओरा. 'किती वाजले?' असं विचारायचं असेल तर म्हणा, "के ओरा एस?" अकरा वाजले असतील तर उत्तर येईल, "सोन लास ओंसे."

मग वार आपल्याकडे आले कधी? मुरबाडहून माळशेजकडे जाताना वैशाखऱ्याजवळून नाणेघाटाची वाट वर चढते. कल्याण बंदरातला माल सातवाहन राजांच्या काळात याच वाटेनं जुन्नरकडे जाई. त्या काळच्या शिलालेखांत राजाचं कितवं वर्ष, कुठल्या ऋतूचा कितवा पंधरवडा आणि कितवा दिवस, एवढंच कोरलेलं असतं. वार नाही! वाराचा आजवर सापडलेला भारतातला सर्वांत जुना पक्का उल्लेख मध्य प्रदेशातल्या एरणच्या शिलालेखात आहे. तो इसवी सन 484 मधला, आणि वार गुरुवार. समुद्रापलीकडच्या देशांशी व्यापार वाढला, तेव्हा मालासोबत ज्योतिषाचं ज्ञानही आलं आणि त्यातूनच वार आले, असं अभ्यासक मानतात.

आपण मात्र जुनी मोजणी सोडली नाही. मुरबाड तालुक्यातली म्हसाची यात्रा भरते पौष पौर्णिमेला, म्हणजे तिथीनं. आठवडे बाजार भरतो वारानं. दोन्ही हिशेब एकाच घरात सुखानं नांदतात.

आता आणखी तीन शब्द : ओय म्हणजे आज, आयेर म्हणजे काल, मान्याना म्हणजे उद्या. "ओय एस लुनेस," म्हणजे आज सोमवार आहे. आजचा वार घालून हे वाक्य आत्ताच म्हणून बघा. उद्या काय म्हणाल, तेही ठरवा.

आणि हे कोडं तुमच्यासाठी. ग्रहांवरून वार ठरवणं ही माणसांनी केलेली वाटणी आहे, ग्रहांचा त्यात काही हात नाही. मग माणसांनी दिवसाचे 24 ऐवजी 25 तास केले असते, तर सोमवारनंतर कुठला वार आला असता? गोलावर बोट ठेवा आणि मोजा. उत्तर सापडलं की वर्गातली सगळी मुलं खूश होतील!