कोवळ्या नराला घातलेली साद

कोलोरॅडोत राहायला आलो त्या पहिल्याच सप्टेंबरात पहाटे एक आवाज ऐकला. घोगरा सुरू होऊन तो शिटीसारखा चढत गेला आणि शेवटी दोन-चार हुंकार देऊन थांबला. मला वाटलं, कुणीतरी गंजलेल्या बिजागऱ्यांचं मोठं फाटक उघडतंय. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "एल्क आहे. माजाचा काळ सुरू झाला."

एल्क हे आपल्या सांबराहून मोठं हरीण. पूर्ण वाढलेला नर सुमारे ३०० किलोंचा असतो. एवढ्या धिप्पाड प्राण्याच्या गळ्यातून इतका बारीक सूर कसा निघतो, याचा शोध डेव्हिड रेबी आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात घेतला. नर एकाच वेळी दोन आवाज काढतो: एक कंठातून येणारा खर्जातला आणि दुसरा शिटीसारखा, सुमारे ४००० हर्ट्झपर्यंत चढणारा.

ही ललकारी इतकी प्रभावी असते, की एल्कला बोलावणं म्हणजे तिची नक्कल करणं, असा माझाही समज झाला. शेजारी दरवर्षी धनुष्यबाण घेऊन शिकारीला जातात. हिवाळ्याचं मांस त्यांना त्यातून मिळतं. मी साद घालायला सोबत जाऊ लागलो. पहिल्या वर्षी झाडीत एक तरुण नर दिसला आणि मी नळीतून सगळा दम लावून ललकारी दिली. तो वळला आणि दिसेनासा झाला. शेजारी हसून म्हणाले, "तू त्याला धाक घातलास."

चूक कुठे झाली, ते त्या नराचं वय लक्षात घेतलं की कळतं. एल्कची पाडसं मे-जूनमध्ये जन्मतात. पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात नर सव्वा वर्षाचा होतो. त्याची शिंगं सरळ, बहुधा बिनफाट्याची असतात; त्याला 'स्पाइक' म्हणतात. आणखी एक-दोन वर्षांनी बारीक फाटे फुटलेला तो 'रॅगहॉर्न' होतो. तोवर आईच्या कळपात वावरलेल्या स्पाइकला माजावर आलेला मोठा नर हुसकून लावतो. मग तो कळपाच्या कडेकडेने घुटमळत राहतो. त्याला झुंज नको असते, सोबत हवी असते.

म्हणून त्याच्यासाठी आवाज लागतो तो मादीचा किंवा पाडसाचा: मांजरीच्या म्यावसारखा, वरून खाली घसरणारा, सेकंदभराचा. घोड्याच्या नालेएवढ्या नव्हे, पण त्याच आकाराच्या छोट्या चौकटीत लेटेक्सचा पातळ पडदा ताणलेला असतो. तो टाळूला लावून जिभेने दाबायचा आणि हलकेच फुंकर घालायची. पाडसाचा आवाज आखूड आणि उंच, मादीचा जरा लांब. दोन-तीन सादा घालायच्या आणि गप्प बसायचं. अर्धा तास गेला तरी उठायचं नाही. मधूनच वाळकी काटकी मोडली तर कळप चरतोय असं वाटतं. तरुण नर बहुतेकदा उत्तर न देता, चुपचाप येतो.

जागेची निवडही तितकीच महत्त्वाची. धनुर्धारी पुढे, साद घालणारा तीस-चाळीस पावलं मागे. म्हणजे नराचं लक्ष मागच्या आवाजाकडे राहतं. आवाज येतो तिथे मादी दिसली नाही तर तो दूरच थबकतो. म्हणून उंचवट्याच्या पलीकडे बसावं, म्हणजे पाहण्यासाठी त्याला वर यावंच लागतं. तो वाऱ्याखालून वळसा घालून येतो. माणसाचा वास लागला की सगळं संपतं.

इथेच कायदा आडवा येतो. कोलोरॅडोच्या बऱ्याच विभागांत एका शिंगाला किमान चार टोकं असलेला किंवा कपाळाजवळचा फाटा पाच इंच लांब असलेला नरच मारता येतो. स्पाइकला अभय असतं. युटाच्या काही विभागांत याउलट सर्वसाधारण परवान्यावर फक्त स्पाइक मारता येतो, म्हणजे मोठे नर टिकतात. सादेला मात्र हा भेद कळत नाही. ती दोघांनाही बोलावते. रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानात तर अशा सादा घालायलाच बंदी आहे. हिवाळ्यासाठी चरबी साठवायच्या दिवसांत प्राण्याला उगाच पळवणं त्याला महाग पडतं.

गेल्या हंगामाच्या शेवटच्या दिवशी माझ्या सादेवर एक नर आला. स्प्रूसच्या फांद्यांआड त्याची शिंगं नीट दिसेनात. शेजाऱ्यांचा फ्रीजर रिकामा होता आणि प्रत्यंचा ताणलेली. मी आणखी एक हलकी साद घातली; तो दोन पावलं पुढे आला. शिंगं सरळ होती, एकही फाटा नव्हता. त्यांनी प्रत्यंचा सैल सोडली.

तो माझ्यापासून दहा पावलांवर उभा राहून कान हलवत इकडेतिकडे पाहत होता. नसलेल्या मादीला शोधत होता. पडदा अजून माझ्या टाळूलाच होता. मी श्वासही जपून घेत होतो. बऱ्याच वेळाने तो आल्या वाटेने उतरून गेला. मग आम्ही उठलो आणि रिकाम्या हातांनी गाडीकडे निघालो.