छत्री एक, टीव्ही दोन... आणि रिमोट कुणाचा?

घरात दुसरा टीव्ही सहसा ठरवून येत नाही. दिवाळीला पुढच्या खोलीत मोठा चपटा टीव्ही येतो, भिंतीवर चढतो, आणि जुना डबा ‘चालतोय ना अजून, मग भंगारात कशाला?’ म्हणून मागच्या खोलीत जातो. तिथं तो चार-आठ दिवस चादर पांघरून बसतो. मग कुणीतरी म्हणतं, अहो, याला पण जोडून टाका की. आणि मग सगळ्यांच्या लक्षात येतं की गच्चीवरची छत्री एक आहे, तिच्यातून खाली उतरणारी वायर एक आहे, आणि टीव्ही मात्र दोन.

मैत्रिणींनो, हा प्रश्न आपण नेहमी घरातल्या पुरुषमाणसांवर नाहीतर मेकॅनिकवर सोडून देतो. तो येतो, भिंतीला भोक पाडतो, वायर ओढतो, दोन्हीकडे चित्र दाखवतो आणि पैसे घेऊन जातो. पण जोडणी कशी केली यावर पुढची कित्येक वर्षं घरात कुणाला काय बघायला मिळणार हे ठरत असतं. म्हणून हे वायरीचं प्रकरण आपल्यालाही कळलेलं बरं. वाटतं तेवढं ते अवघड नाही.

वाटणी तशी जुनीच आहे. मुंबईचं दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून पुण्याला चित्र दिसू लागलं. आपल्या छोट्या गावांना मात्र थांबावं लागलं. १९८४ च्या सुमारास ठिकठिकाणी लहान शक्तीची प्रक्षेपण केंद्रं झाली आणि कौलांवर, पत्र्यांवर अॅल्युमिनियमच्या काड्यांचे अँटेना उगवले. १९८७ मध्ये ‘रामायण’ सुरू झालं तेव्हा तर ज्यांच्याकडे टीव्ही त्यांच्याकडे आळीभर माणसं. अँटेना फिरवण्याची ती साखळी आठवते का? एक जण वर, एक जण दारात, एक जण टीव्हीसमोर. ‘आलं का?’ ‘आलं, आलं... गेलं!’ दारातला निरोप्या बहुतेक वेळा घरातली मुलगी नाहीतर सून असायची. तिच्या घशावर घराचं चित्र अवलंबून!

त्या काळीही एका अँटेनावर दोन टीव्ही चालायचे. दोन सख्खे भाऊ शेजारी-शेजारी राहत असले की चपट्या वायरीला मधेच सोलून दुसऱ्या वायरीचा पीळ द्यायचा आणि वर काळी टेप. चित्र यायचं, पण दोन्ही घरांत मुंग्या वाढायच्या आणि निवेदिकेच्या शेजारी तिची सावली उभी राहायची. त्याचं कारण साधं आहे. अँटेना हवेतून जेवढा सिग्नल पकडतो तेवढाच असतो. त्याचे दोन वाटे केले की प्रत्येकाच्या पानात निम्म्याहून थोडं कमीच पडतं, चार केले तर पाव भागाहूनही कमी. शिवाय नुसता पीळ दिला की सिग्नल त्या सांध्यावर आपटून काही प्रमाणात मागे फिरतो आणि तीच ती सावली. स्प्लिटर नावाची छोटी पत्र्याची डबी याच्यासाठीच असते. ती वाटे करते, पण नीट, सांडलवंड न करता.

मग काही जण बूस्टर आणायचे आणि टीव्हीच्या टेबलावर ठेवायचे. तिथं तो फारसा उपयोगाचा नसतो. लांबच्या वायरीतून येता येता सिग्नल अशक्त होतो, आणि बूस्टर त्या अशक्त सिग्नलबरोबर खरखरही मोठी करतो. तो लावायचा तर वर, अँटेनाजवळ, वाटे होण्याआधी. विरजण दुधात लावायचं असतं, ताकात नव्हे.

आता ते काड्यांचे अँटेना गेले. दूरदर्शनची जुन्या पद्धतीची प्रक्षेपण केंद्रं मोजकी ठिकाणं वगळता २०२२ पर्यंत बंद झाली. पण फुकट सिग्नल गेला नाही, तो आकाशात वर सरकला. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनने ‘डीडी डायरेक्ट प्लस’ सुरू केलं, तेच आजचं ‘डीडी फ्री डिश’. एकदा छत्री आणि बॉक्स घेतला की दरमहा भाडं नाही. सह्याद्री वाहिनी त्यावर आहे, बातम्यांची, सिनेमांची, भक्तीची चॅनेल्स आहेत. महिन्याचा हिशेब डब्यातल्या चिठ्ठ्यांवर करणाऱ्या बाईला यातलं ‘भाडं नाही’ हे किती मोठं वाटतं, ते वेगळं सांगायला नको.

आता मुद्द्यावर येते. या एका छत्रीवर दोन टीव्ही चालवायचे तर मेकॅनिक सर्वांत सोपा आणि स्वस्त रस्ता धरतो. बॉक्स एकच, पुढच्या खोलीत. त्याच्या पाठीमागे चित्र बाहेर काढणाऱ्या दोन जागा असतात. एकीतून नवा टीव्ही जोडायचा, दुसरीतून लाल-पांढरी-पिवळी पिन लावून लांब वायर मागच्या खोलीत न्यायची. झालं! दोन्हीकडे चित्र. फक्त दोन्हीकडे एकच चॅनेल, कारण चॅनेल निवडतो बॉक्स, आणि बॉक्स ऐकतो रिमोटचं. रिमोट कुठं असतो? पुढच्या खोलीत, कोचावर, बहुतेक वेळा एका विशिष्ट मांडीशेजारी.

माझ्या ओळखीच्या एका घरात ही जोडणी दोन वर्षं होती. मागच्या खोलीत सासूबाई. कमरेचं हाड मोडल्यापासून अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना संध्याकाळी कीर्तन किंवा भजन लागायचं, तेवढाच त्यांचा दिवसातला विरंगुळा. पुढे सासरे आणि नवरा बातम्यांपुढे. मागच्या टीव्हीवर सासूबाईंनाही त्याच बातम्या. त्या हाक मारायच्या, ‘अगं, जरा लाव की माझं.’ मग सून पोळ्या टाकता टाकता पिठाच्या हातांनी पुढे जायची, ‘अहो, आईंना पाच मिनिटं...’ कधी मिळायचं, कधी ‘हे संपू दे’ असं उत्तर यायचं. कधी मिळालेलं मधेच परत जायचं, अभंग चालू असताना अचानक चर्चेचा गलका. सासूबाई शेवटी शेवटी टीव्ही बंदच ठेवायला सांगू लागल्या. ‘नको गं, उगाच तुझ्या खेपा.’ घरातलं कुणी वाईट नव्हतं, हे मला मुद्दाम सांगायचंय. भांडणही कधी झालं नाही. पण एका आजारी बाईची इच्छा दुसऱ्या बाईच्या खेपांवर टांगलेली होती, आणि त्याचं कारण एक तांबड्या-पांढऱ्या पिनांची वायर होती, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. सुनेनं एकदा मेकॅनिकला विचारलं तर तो म्हणाला, ‘वहिनी, दोन्हीकडे दिसतंय ना? मग?’

दिसतंय, पण निवडता येत नाही. या दोन गोष्टींत फरक आहे, आणि तो आपणच बोलून दाखवायला हवा.

दुसरा रस्ता म्हणजे दोन बॉक्स घ्यायचे आणि छत्रीच्या वायरीला स्प्लिटर लावायचा. यात प्रत्येक टीव्हीला आपला रिमोट येतो खरा, पण एक खोच आहे. छत्रीच्या तोंडाशी जो बोंडासारखा भाग असतो, त्याला एलएनबी म्हणतात. त्याला वीज लागते, आणि ती खालून बॉक्सच त्याच वायरीतून वर पाठवतो. बहुतेक स्प्लिटरांत वीज वर जाऊ देणारी जागा एकच असते, तिच्यावर तसं लिहिलेलंही असतं. ती पुढच्या बॉक्सला दिली आणि पुढच्यांनी झोपताना भिंतीवरचं बटण बंद केलं, की मागचा टीव्हीही आंधळा! म्हणजे इथंही कर्ता पुढच्याच खोलीत. शिवाय बॉक्स विजेबरोबर हुकूमही पाठवतो. १३ व्होल्ट म्हणजे उभ्या लहरी घे, १८ म्हणजे आडव्या. एका एलएनबीला दोघांनी दोन वेगळे हुकूम दिले तर ती बिचारी एकाचंच ऐकणार. मग काही चॅनेल्स एका खोलीत लागतात तेव्हा दुसरीकडे ‘नो सिग्नल’ येतो आणि कुणाला कळत नाही का. (दोन सासवांची एक सून म्हणा ना!)

तिसरा रस्ता मला विचाराल तर खरा. एलएनबीच बदलायची. दोन तोंडांची एलएनबी मिळते, चार तोंडांचीही मिळते. छत्री तीच, खांब तोच, फक्त बोंड बदलायचं आणि प्रत्येक तोंडातून एक स्वतंत्र वायर प्रत्येक बॉक्सपर्यंत आणायची. इथं प्रत्येक बॉक्सचा हुकूम स्वतंत्रपणे पाळला जातो. एक बंद असला तरी दुसरा चालू. दोन तोंडांची एलएनबी काही शे रुपयांत येते, खर्च पडतो तो दुसऱ्या बॉक्सचा आणि वायरीचा, आणि तोही एकदाच. वर सांगितलेल्या घरात शेवटी सुनेनं भिशीचे पैसे आले तेव्हा हेच करून घेतलं. सासूबाईंच्या उशाशी आता वेगळा रिमोट असतो. त्यावर तिनं आवाजाच्या आणि चॅनेलच्या बटणांना नेलपॉलिशचे ठिपके लावून दिलेत, म्हणजे चष्मा नसला तरी दिसतं. खेपा थांबल्या. सासरे मात्र कधी कधी पुढचं सोडून मागे कीर्तनाला येऊन बसतात!

पैसे भरून घेतलेलं डीटीएच असेल तर मात्र दुसऱ्या बॉक्सचं वेगळं भाडं पडू शकतं. ते आधी विचारा, नंतर बिल बघून वाद घालण्यात अर्थ नाही. फ्री डिशला तो प्रश्न नाही. पण दुसरा बॉक्स म्हणून कुणी माळ्यावरचा जुना काढून देत असेल तर तो एमपेग-२ आहे की एमपेग-४ हे बघून घ्या. जुन्या एमपेग-२ बॉक्सवर सगळी चॅनेल्स दिसत नाहीत, मग ‘पुढच्या टीव्हीत आहे, माझ्यात का नाही’ हे सुरू होतं. अलीकडच्या काही टीव्हींत बॉक्स आतच असतो, तुमचा तसा असेल तर तेवढा खर्च वाचला.

मेकॅनिक आला की त्याच्यामागे गच्चीवर जायला लाजू नका. वायर मधे सोलून पीळ देऊ लागला तर थांबवा, पिना लावूनच जोड हवेत. वर एलएनबीपाशी जोडाला टोपी किंवा चांगली टेप हवी, नाहीतर पहिल्या पावसात पाणी आत शिरतं आणि हिरवट गंज चढतो. वायर घरात शिरताना भोकाच्या बाहेर थोडी खाली झुकवून मग आत घ्यायची, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी त्या झोकाच्या टोकाशी गळतं, भिंतीत येत नाही. आणि वायर काढता-घालताना बॉक्सचं बटण भिंतीवरून बंद असू द्या. तिच्यात वीज असते, थोडीच, पण वायरीची टोकं एकमेकांना लागली तर बॉक्स जाऊ शकतो.

पूर्वीसारख्या मुंग्या आता दिसत नाहीत, म्हणून सिग्नल कमी झालाय हे लवकर कळत नाही. आत्ताचं चित्र एकतर स्वच्छ असतं, नाहीतर चौकोन-चौकोन होऊन थिजतं. मधली अवस्था जवळजवळ नाहीच. म्हणून जोडणी झाल्यावर रिमोटवरून सिग्नलची पट्टी दोन्ही टीव्हींवर उघडून दाखवायला सांगा. जेमतेम काठावर असेल तर पावसाळ्यात हमखास दगा. धो-धो पावसात सगळ्यांचंच चित्र जातं, तिथं इलाज नाही, पाऊस ओसरला की येतं. पण रिमझिम सरीलाही जात असेल तर छत्री हललेली असते. आपल्याकडून ती आग्नेयेकडे, वर आकाशात बघत असते. वास्तूवाल्यांनी स्वयंपाकघराला दिलेली तीच दिशा. त्या बाजूला शेवगा किंवा नारळ वाढला असेल तर तोही आड येतो. दर वर्षी पावसाळ्याआधी फांद्या तोडायला माणूस येईल तेव्हा त्याला तेवढी एक फांदी दाखवून ठेवा. वादळी हवा असेल, विजा चमकत असतील, तर छत्रीपाशी कुणीही जायचं नाही, मुलं तर नाहीच.

आणि एक. फ्री डिशवरच्या चॅनेल्सच्या जागांचा लिलाव होत असतो, त्यामुळे अधूनमधून काही चॅनेल्स जातात, नवी येतात, क्रमांक बदलतात. कालपर्यंत दिसणारं चॅनेल आज नाही म्हणून लगेच मेकॅनिकला फोन करू नका. मेनूमध्ये जाऊन ऑटो स्कॅन करा, चहा होईपर्यंत उरकतं. दोन बॉक्स असतील तर दोन्हींवर वेगवेगळं करावं लागतं, एकावर केलेलं दुसऱ्याला कळत नाही.