अंघोळ बाळाची, हिशेब उबेचा

बाळ जन्माला येतं तेव्हा त्याच्या काखेत, जांघेत, कानामागे पांढरट, चिकट थर असतो. 'अजून न्हाऊ नाही घातलं?' असं भेटायला आलेली प्रत्येक आत्या-मावशी विचारते आणि सिस्टर 'आज नाही' म्हणाल्या की तिला ती हयगय वाटते. पण तो थर घाण नव्हे. डॉक्टर त्याला 'व्हर्निक्स' म्हणतात. त्यात सुमारे ८० टक्के पाणी असतं, उरलेला भाग स्निग्ध पदार्थांचा आणि प्रथिनांचा. त्यातली लायसोझाइम, लॅक्टोफेरिन यांसारखी प्रथिनं जंतूंना अटकाव करतात. हा थर पुसून काढला नाही तर थोड्याच दिवसांत आपोआप मुरतो. पहिली अंघोळ जन्मानंतर निदान २४ तासांनी घालावी, आणि रीतीपायी तेवढं थांबणं शक्यच नसेल तर किमान ६ तास तरी थांबावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

हा थर टिकवणं हे थांबण्याचं एक कारण झालं. त्याहून मोठं कारण उबेचं आहे आणि ते पहिल्या दिवसापुरतं नाही, महिनाभर लागू आहे. नवजात बाळ फारसं मळतच नाही. तोंड, मान, काखा आणि लंगोटाची जागा सोडली तर रोज घासून काढावं असं त्याच्या अंगावर काही नसतं. त्यामुळे त्याच्या अंघोळीत आधी जपायची ती ऊब, स्वच्छता त्यानंतर.

थोडा हिशेब करू. एक ग्रॅम पाणी कातडीवरून सुकायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. म्हणजे चहाचा एक चमचा, ५ मिलिलीटर पाणी, अंगावर सुकलं तर जवळजवळ २,९०० कॅलरी गेल्या. ही सगळी उष्णता शरीरातूनच गेली आणि शरीराने ती भरून काढली नाही असं धरलं, तर ३ किलोच्या बाळाचं तापमान एका अंशाहून जास्त उतरेल. प्रत्यक्षात थोडी उष्णता हवेतूनही येते आणि बाळही झुंजत असतं, पण न्हाल्यानंतरचं ओलं डोकं आणि ओल्या वळ्या किती महागात पडू शकतात ते यावरून कळावं. शिवाय वजनाच्या मानाने बाळाच्या कातडीचं क्षेत्रफळ मोठ्या माणसाच्या अडीच-तीन पट असतं, आणि त्यात डोक्याचा वाटा मोठा.

थंडी वाजली की आपण कुडकुडतो आणि त्या हालचालीतून ऊब मिळते. नवजात बाळाला तसं धड कुडकुडताही येत नाही. मानेमागे, खांद्याच्या फऱ्यांमध्ये आणि मूत्रपिंडांभोवती त्याच्याकडे तपकिरी चरबीचा साठा असतो. तो जाळून ते ऊब निर्माण करतं आणि त्यासाठी ऑक्सिजन आणि साखर दोन्ही खर्ची पडतात. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या किंवा कमी वजनाच्या बाळाकडे हा साठा अगदीच तुटपुंजा असतो. म्हणूनच वजन २ किलोच्या वर जाईपर्यंत अशा बाळाला न्हाऊ घालू नये, नुसतं पुसून घ्यावं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत आरोग्यदूतांमार्फत घरच्या घरी नवजात बाळांची देखभाल केली. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये तिचे निष्कर्ष आले, तेव्हा तिथला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटलेला होता. त्या देखभालीत औषधं होती, इंजेक्शनं होती, आणि बाळाला उबेत ठेवणंही होतं.

आता प्रत्यक्ष न्हाणीघरात येऊ. बाळाला न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशी पाटावर बसतात, पाय लांब करतात आणि बाळाला नडग्यांवर घेतात. ही बैठक मला फार शहाणपणाची वाटते. बाळ दोन पायांच्या खोबणीत पक्कं राहतं, एक हात मोकळा मिळतो आणि साचलेल्या पाण्यात तोंड बुडायची भीती उरत नाही. फक्त पालथं घेतल्यावर नाक-तोंड मोकळं आहे ना, हे बघत राहायला हवं. अडचण असते ती तांब्यांच्या मधल्या वेळात. एक तांब्या ओतला, मग पीठ चोळलं, मग गप्पा, मग दुसरा तांब्या. तेवढा वेळ ओलं अंग हवेत उघडं. ओल्या फडक्याने पुसलेल्या बाळांपेक्षा गळ्यापर्यंत कोमट पाण्यात ठेवून न्हाऊ घातलेल्या बाळांची ऊब कमी गेली, असं अभ्यासांत दिसलं आहे, त्याचं कारण हेच. आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञ नाळ गळेपर्यंत सहसा पुसूनच घ्यायला सांगतात. ते ऐकावं, पण पुसताना एका वेळी एकच अवयव उघडा करावा आणि तो कोरडा करून झाकल्यावर पुढचा घ्यावा. न्हाऊ घालायचं तर पाच-सात मिनिटांत आटपावं. डोकं सगळ्यात शेवटी धुवावं आणि सगळ्यात आधी टिपावं. पंचा, दुपटं आणि टोपडं आधीच हाताशी हवं. पाणी ओतून झाल्यावर 'अगं, पंचा आण' अशी हाक मारायची वेळ येऊ नये.

पाणी ३७-३८ अंशांचं, म्हणजे अंगाइतकंच. इथे घात होतो तो बाळंतिणीच्या पाण्यामुळे. तिच्यासाठी कढत पाणी काढलेलं असतं, त्याच बादलीत अंदाजाने विसण घालून ते बाळाला वापरलं जातं. रोज कढत पाण्यात राबणाऱ्या हाताला पन्नास अंशसुद्धा सोसतात, म्हणून त्या हाताचा अंदाज धरू नये. साठ अंशांच्या पाण्याने मोठ्या माणसाची कातडी पाचेक सेकंदांत खोल भाजते, आणि बाळाची कातडी तर त्याहून पातळ. बाळाची बादली वेगळी ठेवावी. तिच्यात आधी गार पाणी, मग गरम घालून ढवळावं आणि कोपर बुडवून पाहावं. नळाची धार थेट बाळावर कधीच सोडू नये. गीझरचं पाणी मध्येच कढत येतं.

गीझर गॅसचा असेल तर आणखी एक धोका आहे. वारा लागू नये म्हणून खिडकी, दार, झरोका सगळं बंद केलं जातं आणि आत गॅस जळत राहतो. हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. आई, मावशी आणि बाळ तिघंही कळायच्या आत बेशुद्ध पडू शकतात. पाणी आधी भरून घ्यावं, गीझर बंद करावा, हवा खेळू द्यावी आणि मगच खिडकी लावून बाळाला आत न्यावं. ओवा-वावडिंगाच्या धुरीबद्दलही मी ठाम आहे: कोंदट खोलीतला धूर त्या इवल्या फुप्फुसांना मुळीच नको.

डाळीचं पीठ आणि साय यांचा आग्रह असतो तो लव जावी म्हणून. ही लव काही आठवड्यांत आपोआप गळते. चोळण्याने जातो तो कातडीचा वरचा थर. जन्मावेळी जवळपास उदासीन असलेली बाळाची कातडी पुढच्या काही आठवड्यांत किंचित आम्ल होते आणि ही आम्लताच जंतूंना रोखते. नेहमीचा साबण अल्कधर्मी असल्याने ती घडी विसकटते. साधं पाणी पुरतं; वाटलंच तर बाळांसाठीचा सौम्य साबण, तोही मळणाऱ्या जागांपुरता. खोबरेल तेलाने हलक्या हाताने मालिश करायला हरकत नाही. मुंबईच्या सायन रुग्णालयातल्या एका अभ्यासात खोबरेलाने मालिश केलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं वजन चांगलं वाढलेलं आढळलं होतं. मात्र तेच तेल नाकात सोडलं तर फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो. कानात तेल नको, नाकात फुंकर नको. टाळू तेलाने 'भरत' नाही. ती हाडं वाढून साधारण दीड वर्षापर्यंत आपली आपण भरते.

एका गोष्टीला मात्र घरातल्या कुणीतरी ठामपणे नाही म्हणायलाच हवं. आईच्या संप्रेरकांमुळे काही बाळांची, मुलगा असो वा मुलगी, छाती थोडी सुजते आणि थेंबभर दूधही येतं. ती पिळून काढायची पद्धत आहे. पिळलं की जंतू आत शिरतात, गळू होतं आणि क्वचित शस्त्रक्रियेची वेळ येते. हात लावला नाही तर सूज काही आठवड्यांत ओसरते.

नाळेला हळद, तूप, राख, पावडर काही लावायचं नाही. कोरडी टिपायची आणि लंगोट तिच्या खाली बांधायचा. ट्रंकेतून काढलेली जुनी झबली-दुपटी धुऊन, उन्हात वाळवूनच वापरावीत. डांबरगोळ्यांतलं नॅप्थलीन तेल लावलेल्या कातडीतून सहज आत जातं आणि जी-सिक्स-पीडी या विकराची उणीव असलेल्या बाळाच्या लाल पेशी फुटून त्याला तीव्र कावीळ होते.

न्हाल्यावर बाळ गाढ झोपलं की घरात समाधान पसरतं. बहुतेक वेळा ते रास्तच असतं. पण गारठलेलं बाळही असंच निपचित पडतं आणि दूध ओढत नाही. म्हणून अर्ध्या तासाने हाताच्या मागच्या बाजूने आधी पोट आणि मग तळपाय पाहावेत. दोन्ही उबदार असतील तर ठीक. पोट उबदार आणि पाय गार असतील तर बाळ थंडीशी झुंजतं आहे: टोपडं-मोजे घालून, लंगोटावर, आईच्या उघड्या छातीशी धरावं, वरून पांघरूण घ्यावं आणि पाजायला घ्यावं. पोटही गार लागलं, किंवा तासाभरात पाय तापले नाहीत आणि बाळ दूध ओढेना, तर तसंच छातीशी धरून लगेच दवाखाना गाठावा.